क्रुसेडर किंग्ज ३ : मांडलिकांची निष्ठा कशी सांभाळायची, बंड कसे मोडायचे

क्रुसेडर किंग्ज ३ या मध्ययुगीन राज्य चालवण्याच्या संगणक-खेळात नव्या खेळाडूचे पहिले राज्य बहुतेक वेळा आतूनच फुटते. शेजाऱ्याशी दोन लढाया जिंकलेल्या असतात, तिजोरीत पैसा असतो, आणि एके दिवशी चार मांडलिक एकत्र येऊन मागणीचा खलिता पाठवतात. खेळाडूला ते अचानक घडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात फॅक्शनच्या, म्हणजे राजाविरुद्ध एकत्र आलेल्या गटाच्या, खिडकीत तो आकडा कितीतरी महिने वर चढत असतो. तो आकडा कुठे पाहायचा आणि खाली कसा आणायचा, यासाठी हा लेख आहे.

उदाहरणे दख्खनमधली घेतली आहेत. खेळाचे जुने प्रारंभ इ.स. ८६७ आणि १०६६ चे, आणि सप्टेंबर २०२४ पासून ११७८ चाही मिळतो. १०६६ मध्ये कल्याणीचे चालुक्य, त्यांच्याखाली देवगिरीकडचे यादव, कोल्हापूर-कऱ्हाडचे शिलाहार, गोव्याचे कदंब अशी मांडणी इतिहासात होती. निष्ठेचा खेळ शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही. शिवाय नकाशावरची नावे आपल्या ओळखीची असतात.

एक गोष्ट आधीच. खेळाचे आकडे पॅचगणिक थोडेफार हलतात. कुठल्याही आकड्यावर माउस ठेवला की त्याची फोड दिसते. हिशेब करताना तीच प्रमाण माना.

बंड शिजते कसे

प्रत्येक मांडलिकाचे तुमच्याबद्दल एक ओपिनियन असते, उणे १०० ते अधिक १०० या दरम्यान. नवा खेळाडू दिवसभर हाच आकडा पाहत बसतो. ओपिनियन घसरले की मांडलिक फॅक्शनमध्ये जायला तयार होतो, एवढाच त्याचा अर्थ. फॅक्शन धोकादायक होते ते दुसऱ्या दोन आकड्यांमुळे.

पहिला आकडा लष्करी ताकदीचा. फॅक्शनमधल्या सगळ्यांचे मिळून सैन्य तुमच्या सैन्याच्या किती टक्के आहे, हे तिथे दिसते. साधारण ८०% ही मर्यादा धरा. दुसरा आकडा असंतोषाचा, म्हणजे डिसकंटेंटचा. ताकद मर्यादेच्या वर असेल तर असंतोष महिन्यागणिक वाढतो, खाली असेल तर उतरतो. तो १०० ला पोचला की फॅक्शनचा म्होरक्या अल्टिमेटम देतो : मागणी मान्य करा, नाहीतर युद्ध.

यातून नवख्याने एक गोष्ट गाठीशी बांधावी. चिडलेल्या सगळ्यांची समजूत काढायची गरज नसते. ताकद मर्यादेखाली ठेवली की उरलेले मांडलिक कितीही रागावलेले असले तरी खलिता येत नाही.

समजा तुमचे एकूण सैन्य ४,००० आहे. फॅक्शनमध्ये तिघे आहेत. देवगिरीचा १,५००, कोल्हापूरचा १,२००, गोव्याचा ७००. बेरीज ३,४००, म्हणजे तुमच्या ८५%. असंतोष वाढतो आहे. नवा खेळाडू इथे थेट देवगिरीच्या मागे लागतो, कारण तो म्होरक्या आहे आणि त्याचे ओपिनियन उणे ६० आहे. त्याला खूश करायला सोने जाते, वर्षे जातात, आणि तरी तो हलत नाही. त्याऐवजी गोव्याच्या मांडलिकाकडे पाहा. त्याचे ओपिनियन समजा उणे १० आहे. तो बाहेर पडला की बेरीज २,७०० वर येते, म्हणजे ६७.५%. असंतोष त्याच महिन्यापासून उतरायला लागतो.

दुसरी वाट स्वतःची बाजू जड करण्याची. वरच्याच उदाहरणात ३०० माणसे वाढवली, तर ३,४०० ला ४,३०० ने भागून ७९% येतात. पायदळाच्या मेन-ॲट-आर्म्सच्या, म्हणजे कायम पदरी असलेल्या कसलेल्या शिपायांच्या, एका तुकडीत बहुधा १०० माणसे असतात, म्हणजे तीन तुकड्यांचे काम. पण हा काठावरचा हिशेब आहे. पुढच्या महिन्यात देवगिरीने एक इमारत बांधली किंवा चौथा मांडलिक सामील झाला की तुम्ही पुन्हा मर्यादेच्या वर. ७० च्या आसपास आणून ठेवा, मग श्वास घ्यायला जागा मिळते.

यातच एक सापळा दडलेला आहे. तुम्ही परराज्याशी लढता तेव्हा तुमची माणसे मरतात. मांडलिकांच्या घरची फौज मात्र शाबूत राहते. तुमचा आकडा ४,००० वरून २,८०० वर आला, तर २,७०० चे तेच फॅक्शन ९६% वर जाते. मोठे युद्ध जिंकून परतल्यावर लगेच बंड होते ते यामुळे. युद्ध पुकारण्याआधी फॅक्शनची खिडकी उघडा, आणि आपली एक तृतीयांश फौज मेली तर आकडा कुठे जाईल याचा हिशेब करा. तो मर्यादेच्या फार वर जात असेल तर आधी घर सावरा.

गादीवर बसल्यावर, खेळ थांबवून

पहिल्याच दिवशी स्पेस दाबून खेळ थांबवा आणि ही कामे या क्रमाने उरका.

एक. उजव्या कडेच्या चिन्हांमधून फॅक्शनची खिडकी उघडा. कोणते फॅक्शन, कोण म्होरक्या, ताकद किती, असंतोष किती, हे पाहा. मेसेज सेटिंगमध्ये फॅक्शनच्या सूचनेवर खेळ आपोआप थांबेल असे लावून ठेवा. हे एकदाच करायचे काम आहे, आणि पाचच्या, म्हणजे सर्वांत जलद, वेगाने खेळणाऱ्याचे राज्य अनेकदा तेच वाचवते.

दोन. मांडलिकांची यादी सैन्याच्या क्रमाने लावा. वरच्या चार-पाच जणांची नावे, वय, स्वभाव आणि वारस पाहून घ्या. खालचे वीस जण आज सोडून दिले तरी चालतील. स्वभाव नीट वाचा : महत्त्वाकांक्षी माणूस राजाकडे नेहमीच वाकड्या नजरेने पाहतो, समाधानी माणूस क्वचितच फॅक्शनकडे वळतो, शूर माणसाला धाक लवकर बसत नाही आणि भित्र्याला थोडक्यात बसतो.

तीन. या चार-पाच जणांच्या ओपिनियनवर माउस ठेवा आणि उणे खुणा कशाच्या आहेत ते वाचा. वेगळा धर्म, वेगळी संस्कृती, नवी कारकीर्द, काउन्सिलमध्ये, म्हणजे राजाच्या मंत्रिमंडळात, जागा नाही, राजाकडे फार डची (काही काउंटी, म्हणजे जिल्हे, मिळून एक डची), अशी कारणे तिथे एकेका ओळीत लिहिलेली असतात. काही कारणे तुम्ही आज मिटवू शकता, काहींना वेळच लागतो. सोने खर्च करण्याआधी फुकट मिटणारी कारणे मिटवा.

यातले सगळ्यात मोठे फुकट कारण म्हणजे काउन्सिल. बलाढ्य मांडलिकाला काउन्सिलमध्ये जागा नसेल तर त्याचे ओपिनियन एकदम ४० च्या आसपास पडते. कुठलीही भेट एवढी भरपाई करत नाही. जागा पाच : चॅन्सेलर (राजनय), स्ट्युअर्ड (कर-कारभार), मार्शल (फौज), स्पायमास्टर (हेरगिरी) आणि राजगुरू. राजगुरूची जागा सहसा मांडलिकाला देता येत नाही, म्हणजे वाटायला चारच उरतात. हुशार पण दुर्बळ दरबारी खुर्चीत बसला असेल आणि बाहेर दीड हजार फौजेचा मांडलिक धुमसत असेल, तर दरबाऱ्याला उठवा. स्ट्युअर्डचे कौशल्य १८ वरून ११ वर आले तर कर थोडा कमी येईल. तो तोटा सोसावा.

फक्त स्पायमास्टर निवडताना हा नियम मोडा. तुमच्या खुनाचा कट रचणाऱ्याला स्पायमास्टर हाताशी मिळाला तर त्याचे काम फार सोपे होते. ती जागा तुमच्यावर जीव असलेल्या माणसाला द्या. राणी, आई, जुना मित्र, कोणीही चालेल, कौशल्य मध्यम असले तरी.

चॅन्सेलरला देशांतर्गत कारभाराच्या कामावर लावा, त्याने मांडलिकांचे ओपिनियन हळूहळू सुधारते. राज्यारोहणानंतर पहिली पाच वर्षे तरी त्याला दुसरे काम देऊ नका.

फॅक्शनमधून माणूस काढायचे मार्ग

सोयरीक हा सगळ्यात भरवशाचा. तुमच्याशी अलायन्स, म्हणजे मैत्रीचा करार, असलेला मांडलिक तुमच्याविरुद्धच्या फॅक्शनमध्ये जाऊ शकत नाही, मग त्याचे ओपिनियन काहीही असो. तुमचा मुलगा किंवा मुलगी त्याच्याशी किंवा त्याच्या जवळच्या नात्यात दिली की अलायन्स होतो. विक्रमादित्य सहाव्याने हेच केले होते. त्याची राणी चंदलादेवी कऱ्हाडच्या शिलाहारांची, आणि त्याची मुलगी मैलालदेवी गोव्याच्या कदंब जयकेशी दुसऱ्याला दिलेली. दोन्ही घराणी चालुक्यांची मांडलिक होती.

म्हणून मुलींची लग्ने दूरच्या सम्राटांशी लावून टाकायची घाई करू नका. आधी यादीतले वरचे तीन मांडलिक पाहा. त्यांच्यात जो फॅक्शनमध्ये आहे किंवा जाण्याच्या बेतात आहे, त्याच्या घरी सोयरीक जुळवा. लहान मुलांचा वाङ्निश्चय करून ठेवता येतो, पण खेळाच्या खिडकीत ‘अलायन्स होईल’ असे स्पष्ट दिसल्याशिवाय तो झाला असे धरू नका. आणि दोन तोटे लक्षात असू द्या. मांडलिक त्याच्या युद्धात तुम्हाला बोलावू शकतो, आणि नाही म्हटले तर मान जातो. शिवाय लग्नातला एक जोडीदार वारला की नाते तुटते. ज्या दिवशी तशी बातमी येते, त्या दिवशी फॅक्शनची खिडकी पुन्हा पाहा.

दुसरा मार्ग हुकचा, म्हणजे एखाद्यावर दबाव आणायच्या पकडीचा. एखाद्याचे गुपित तुमच्या हाती लागले की त्याला धमकावून त्याच्यावर हुक मिळवता येतो. गुन्हा ठरणारे गुपित असेल तर हुक मजबूत असतो, नुसती बदनामी होणारे असेल तर कमजोर. कमजोर हुक एकदा वापरला की संपतो. मजबूत हुक हातात असेपर्यंत तो माणूस तुमच्याविरुद्ध फॅक्शनमध्ये जात नाही. स्पायमास्टरला गुपिते शोधण्याच्या कामावर लावून बलाढ्य मांडलिकाच्या दरबारात पाठवा आणि दोन-तीन वर्षे तिथेच राहू द्या. नवे खेळाडू दर सहा महिन्यांनी त्याला हलवतात आणि मग काहीच सापडत नाही अशी तक्रार करतात.

मजबूत हुक करारातले कर वाढवण्यात खर्च करण्याचा मोह होतो. वापरल्यावर तो काही काळ पुन्हा चालवता येत नाही, पण माणूस फॅक्शनपासून दूर राहण्याचे काम तो न वापरताही करतो. बलाढ्य मांडलिकावरचा हुक तसाच राखून ठेवणे बहुधा जास्त फायद्याचे.

भेट आणि मनधरणी हे रोजचे मार्ग. भेटीचा परिणाम लगेच होतो आणि मग विरत जातो. त्यामुळे भेट त्यालाच द्या जो शून्याच्या जरा खाली आहे आणि जो गेल्याने टक्केवारी मर्यादेखाली येते. उणे ७० वरच्या माणसाला दिलेले सोने पाण्यात गेले समजा. मनधरणीचा डाव, म्हणजे स्वे, फुकट असतो पण एका वेळी एकावरच चालतो. तो कधीही रिकामा ठेवू नका. फॅक्शन नसतानाही यादीतल्या पहिल्या माणसावर चालू असू द्या.

मैत्री झाली तर उत्तम, मित्र सहसा फॅक्शनकडे फिरकत नाही.

आता धाक, म्हणजे ड्रेड. ० ते १०० चा हा आकडा कैद्यांना देहदंड दिला, छळ केला की वाढतो आणि नंतर हळूहळू मूळ पातळीवर उतरतो. पुरेसा घाबरलेला मांडलिक फॅक्शनमध्ये जात नाही. ओपिनियन भयंकर खराब असलेल्या राजासाठी हाच एक पर्याय उरतो. पण देहदंडाला योग्य कारण हवे. कारण नसताना मारले तर टिरनी, म्हणजे जुलमाचा ठपका, वाढते, सगळ्या मांडलिकांचे ओपिनियन पडते, मेलेल्याचे भाऊ-मुलगे कायमचे वैरी होतात. बंडात पकडलेले लोक यासाठी सोयीचे, त्यांच्याबाबत कारण तयार असते. धाकावर राज्य चालवायचे ठरवले तर तो सतत ताजा ठेवावा लागतो. शांततेची पंधरा वर्षे गेली की धाक उतरतो आणि जुने हिशेब एकदम वर येतात.

राहिली अटक. फॅक्शनमध्ये आहे एवढे कारण अटकेला पुरत नाही. कारणाशिवाय पकडायला गेलात तर टिरनी लागते. शिवाय अटक फसली तर तो माणूस तिथल्या तिथे शस्त्र उचलतो. यशाची टक्केवारी अटकेच्या खिडकीत दिसते. ती ८० च्या खाली असेल तर बटण दाबण्याआधी फौज कुठे उभी आहे ते पाहा.

कोणालाही फार मोठे होऊ देऊ नका

वरचे सगळे उपाय तात्पुरते आहेत. मूळ दुखणे मांडलिकाच्या आकारात असते. कल्याणीच्या चालुक्यांना हे प्रत्यक्ष भोवले. कलचुरी बिज्जल हा त्यांचाच महामंडलेश्वर, म्हणजे मोठा मांडलिक. त्याच्या हाती ताकद साठत गेली आणि ११५७ च्या सुमारास त्याने कल्याणीच बळकावली. पुढे ११८७ च्या आसपास यादव भिल्लम पाचवा स्वतंत्र झाला.

खेळात हे टाळायचे तर किताब वाटतानाच हात आखडता हवा. एका मांडलिकाकडे एकच डची. दुसरी डची जिंकलीत तर ती नव्या माणसाला द्या, आधीच्याला बक्षीस म्हणून देऊ नका. त्याचे ओपिनियन आज वाढेल खरे, पण किताब वारशाने पुढे जातो आणि ओपिनियन जात नाही. त्याचा मुलगा दोन डचींचा मालक होईल आणि तुमच्या मुलाला ओळखतही नसेल.

नवा माणूस निवडताना आपल्याच धर्माचा, आपल्याच संस्कृतीचा, शक्यतो समाधानी किंवा निष्ठावान स्वभावाचा पाहा. भाऊ आणि चुलत भाऊ यांना मोठे मुलूख देताना दहा वेळा विचार करा, कारण त्यांचा तुमच्या गादीवर दावा असू शकतो.

उलट बाजूने, सगळ्यांना बारीक बारीक तुकडे करून थेट स्वतःखाली घेतले तर मांडलिकांची मर्यादा ओलांडली जाते आणि कर-फौज दोन्ही घटतात. मर्यादा जवळ आली की लहान काउंटींचे मांडलिक जवळच्या छोट्या ड्यूककडे, म्हणजे डचीच्या मालकाकडे, वर्ग करा. बलाढ्य ड्यूककडे करू नका, एवढेच पाहा.

स्वतःकडे दोनपेक्षा जास्त डचींचे किताब ठेवले तर मांडलिक नाराज होतात. राजधानीची डची आणि अजून एक, एवढे ठेवा. त्या दोन डचींमधल्या काउंटी मात्र जमेल तितक्या स्वतःच्या हातात असू द्या, आणि पैसा आला की तिथे फौजेच्या इमारती बांधा. फॅक्शनच्या भागाकारात खालचा आकडा तुमचा असतो. तो वाढवण्याचा हाच टिकाऊ मार्ग आहे.

क्राउन ऑथॉरिटी, म्हणजे मांडलिकांवरच्या राजसत्तेची पायरी, वाढवली की मांडलिक कुरकुरतात. दुसरी पायरी, म्हणजे लिमिटेड, लवकर गाठा, कारण किताब काढून घेण्याचा अधिकार तिथून मिळतो. तिसरी पायरी फॅक्शन शांत असताना आणि राजा दहा-बारा वर्षे गादीवर असताना चढा.

खलिता आलाच तर

कोणते फॅक्शन आहे यावर उत्तर ठरते. लिबर्टी फॅक्शन क्राउन ऑथॉरिटी एक पायरी खाली आणायला सांगते. तिजोरी रिकामी आणि फौज थकलेली असेल तर हे मान्य करून टाकलेले परवडते. पायरी पुन्हा चढता येते. इंडिपेन्डन्स फॅक्शनमध्ये सगळे दूरच्या मुलखाचे, परक्या संस्कृतीचे असतील तर त्यांना जाऊ द्यायचा विचार करा, राजधानीभोवतीचे असतील तर लढा. क्लेमंट फॅक्शन तुमच्या जागी दुसऱ्याला बसवायला निघालेले असते. तिथे लढणे आलेच.

खलिता येणार हे दिसत असेल तर महिनाभर आधी तयारी करा. एक वर्ष फौज उभी राहील इतके सोने बाजूला काढा. मेन-ॲट-आर्म्सच्या तुकड्या पूर्ण भरून घ्या. गोळा होण्याची खूण, म्हणजे रॅली पॉइंट, बंडखोरांच्या मुलखापासून दूर हलवा; नाहीतर निम्मी फौज जमायच्या आत शत्रू वर येऊन पडतो. बाहेरच्या मित्र राज्यांची यादी पाहा आणि युद्ध सुरू होताच त्यांना हाक द्या. ते येतात तेव्हा लढाई निम्मी सोपी होते.

युद्ध लागले की तुमच्या फौजेचा आकडा अचानक कमी दिसतो. घाबरू नका. बंडखोर जी माणसे एरवी तुम्हाला देत होते ती त्यांच्याकडे गेलेली असतात.

बंडखोर वेगवेगळ्या कोपऱ्यांतून जमायला लागतात आणि पहिले दोन-तीन आठवडे त्यांच्या फौजा सुट्या असतात. सगळी फौज एकत्र ठेवून एकेकाला गाठा. फौज तीन ठिकाणी वाटून तीन वेढे घालणे ही नवख्यांची नेहमीची चूक. त्यातला सर्वांत लहान तुकडा पकडला जातो आणि वॉर स्कोअर, म्हणजे युद्धात कोणाची सरशी ते सांगणारा आकडा, उलटा फिरतो. नदी ओलांडून हल्ला करू नका, डोंगराळ जागेत उभ्या असलेल्यावर चढू नका. त्याला तुमच्याकडे येऊ द्या.

पहिली मोठी लढाई जिंकल्यावर थेट म्होरक्याच्या राजधानीवर जा. तिथे किल्ला पडताना घरातली माणसे कैद होण्याची शक्यता असते. म्होरक्या स्वतः सापडला तर युद्ध तिथेच संपते. नाही सापडला तरी त्याचा वारस सापडू शकतो, आणि त्यानेही स्कोअर बराच वर जातो. यासाठी दगडफेक करणाऱ्या यंत्रांची, म्हणजे ओनेजरची, किमान एक तुकडी शांततेतच तयार असावी. तिच्याशिवाय मजबूत किल्ल्यापुढे वर्षभर बसावे लागते आणि तेवढ्यात सोने संपते.

कैदी हातात आल्यावर

जिंकलात की फॅक्शनमधले सगळे मांडलिक एकदम कैदेत येतात. इथे घाई करून सगळ्यांकडून खंडणी घेऊन सोडून देणारे खेळाडू पाच वर्षांनी तेच युद्ध पुन्हा लढतात. खेळ थांबवा आणि एकेकाचा निवाडा करा.

ज्याच्याकडे दोन डची आहेत त्याची एक काढून घ्या. कैदेत असलेला माणूस नकार देऊ शकत नाही, आणि बंडाचे कारण असल्याने टिरनी लागत नाही. पण कारण एकदाच चालते. म्हणून काढून घेताना सगळ्यात जड किताब निवडा. छोटी काउंटी काढून घेतलीत आणि मग डचीकडे वळलात तर टिरनी अंगावर येते. काढलेला किताब लगेच नव्या माणसाला द्या.

गादीवर दावा असलेल्याला सोडायचे असेल तर दावा सोडण्याची अट घाला. सोन्यापेक्षा ती अट मोलाची. मधल्या आकाराच्या मांडलिकाला हुकच्या बदल्यात सोडा. एखादा अगदीच न सुधारणारा असेल आणि धाकाची गरज असेल तर देहदंड, पण त्याआधी त्याचा वारस पाहा. बाप उणे ८० वर आणि मुलगा अधिक २० वर असेल तर देहदंडाने काम होते. मुलगा बापापेक्षा शूर आणि महत्त्वाकांक्षी असेल तर बाप तुरुंगात जिवंत असलेलाच बरा. तो कैदेत आहे तोवर फॅक्शनमध्ये जाता येत नाही, आणि मुलालाही किताब मिळत नाही.

राजा बदलताना

सगळी मेहनत याच दिवशी धुऊन जाते. भेटींचा परिणाम, मैत्री, धाक, हे सगळे मेलेल्या राजाचे होते. नव्या राजाला छोट्या कारकिर्दीचा उणे शिक्का लागतो आणि त्याचे भाऊ दावेदार म्हणून उभे राहतात. सोमेश्वर पहिला १०६८ मध्ये वारला, सोमेश्वर दुसरा गादीवर आला आणि १०७६ मध्ये धाकट्या भावाने, विक्रमादित्याने, त्याला दूर सारले. यादव सेउणचंद्र दुसरा विक्रमादित्याच्या बाजूने होता. खेळाच्या भाषेत ते सरळ क्लेमंट फॅक्शन आहे : दावेदार भाऊ आणि त्याच्यामागे बलाढ्य मांडलिक.

राजा पन्नाशी ओलांडला की तयारी सुरू करा. एका वर्षाच्या उत्पन्नाइतके सोने मुद्दाम न खर्चता ठेवा. वारसाला पहिल्याच आठवड्यात तीन-चार भेटी द्याव्या लागतात. वारसाचे स्वतःचे लग्न अशा घरी करा की त्याचा अलायन्स बलाढ्य मांडलिकाशी त्याच्याच नावाने असेल. वाटणीचा वारसाहक्क चालू असेल तर म्हातारपणी दुसरे राज्यपद तयार करू नका. ते धाकट्या मुलाकडे जाऊन तो स्वतंत्र होऊ शकतो. फार धोकादायक मुलाला वारसाहक्कातून बाद करता येते, पण त्यासाठी घराण्याचे रिनाउन, म्हणजे साठवलेली कीर्ती, खर्च होते आणि घराण्याचे प्रमुख तुम्हीच असावे लागता.

मार्च २०२४ पासून लेजिटिमसी, म्हणजे गादीवरच्या हक्काची मान्यता, हा आणखी एक आकडा आला आहे. तो कमी असेल तर मांडलिकांची नाराजी वाढते. वारसाचे लग्न बरोबरीच्या किंवा वरच्या घराण्यात केले की त्याला मदत होते, म्हणून हलक्या घरची पण गुणी सून आणताना हेही तोलून पाहा.

नवा राजा गादीवर आला की पहिली तीन वर्षे परराज्याशी युद्ध नको. फौज पूर्ण भरलेली ठेवा, काउन्सिल नव्याने लावा, अलायन्सची यादी तपासा आणि जे तुटले ते पुन्हा बोलणी करून जोडा. मोठी मेजवानी द्या, तिने बरीच माणसे एकदम निवळतात.

रयतेचे बंड

हे वेगळे प्रकरण, आणि तुलनेने सोपे. काउंटीतल्या लोकांचे ओपिनियन फार खाली गेले की शेतकऱ्यांचे किंवा परक्या संस्कृती-धर्माच्या लोकांचे फॅक्शन तयार होते. नव्याने जिंकलेल्या मुलखात हे हमखास दिसते, कारण तिथे कंट्रोल, म्हणजे तुमचा प्रत्यक्ष ताबा, हाही कमी असतो. मार्शलला त्या काउंटीत कंट्रोल वाढवण्याच्या कामावर पाठवा, तो १०० झाला की पुढच्या काउंटीत हलवा. मुलूख दूरचा असेल तर तिथल्याच संस्कृतीच्या आणि धर्माच्या एखाद्या लहान माणसाला मांडलिक करून देऊन टाका. लोकांचा राग मग त्याच्याबरोबर निवळतो, आणि शेतकऱ्यांचे फॅक्शन उभे राहिलेच तर ते आधी त्याच्या दारात जाते. अशा फौजा संख्येने मोठ्या दिसतात पण त्यात कसलेली माणसे थोडी. मेन-ॲट-आर्म्सच्या चार-पाच भरलेल्या तुकड्या आणि एक चांगला सेनापती असेल तर दुप्पट जमावही मोकळ्या मैदानात मोडतो. लढाईआधी त्यांचा आकडा आणि त्यातली पायदळाची फोड मात्र एकदा उघडून पाहा.